नागपूरच्या स्वयंपाकघरात जपानी घरगुती जेवण: पाण्यापासून कोंड्यापर्यंत

जपानी जेवण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुशी येते. पण जपानमधल्या सामान्य घरात रोज रात्री जे शिजते त्यात सुशीला फारसे स्थान नाही. तिथले रोजचे ताट म्हणजे वाफाळलेला भात, मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचे) सूप, दोन-तीन लहान भाज्या आणि थोडे लोणचे. या मांडणीला ‘इचिजू सानसाई’, म्हणजे एक रस्सा आणि तीन पदार्थ, असे नाव आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानच्या पारंपरिक आहारसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले; या आहारसंस्कृतीचा पाया हेच साधे ताट मानले जाते. नागपुरात राहून हे जेवण आठवड्यातून दोन-तीनदा, फारसा खर्च न करता आणि चव न बिघडवता कसे करता येईल, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आरंभी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. आपल्याकडची चव तेलात फुलते: मोहरी तडतडते, कांदा परततो, मसाला तेल सोडतो आणि मग भाजीला अर्थ येतो. जपानी घरातली चव पाण्यात उतरते. तिथे फोडणी नाही, वाटण नाही, आणि रश्श्यावर तर्री तर नाहीच. म्हणून सावजीच्या जेवणावर वाढलेल्या जिभेला पहिले चार-पाच दिवस सगळे फिके वाटेल. तो फिकेपणा झाकण्यासाठी तिखट वाढवू नये आणि वरून सांबार (आपल्या नागपुरी अर्थाने, म्हणजे कोथिंबीर) पेरू नये. चव जर पाण्यात उतरवायची असेल, तर पहिले लक्ष पाण्याकडेच द्यायला हवे.

काय विकत आणावे आणि काय आणू नये

बाहेरून मागवण्याच्या वस्तू फक्त चार: कोंबू नावाची वाळवलेली समुद्रवनस्पती, वाळवलेले शिइताके अळंबे, मिसो आणि शोयू, म्हणजे जपानी सोया सॉस. या चारही वस्तू ऑनलाइन मिळतात. शोयू घेताना बाटलीवरची यादी नीट वाचावी. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच घटक असून ते नैसर्गिकरीत्या आंबवलेले असेल तरच घ्यावे. चायनीजच्या गाड्यांवर वापरला जाणारा काळा सॉस रंग देतो, पण त्यातला कॅरॅमल या जेवणाची चव पार दाबून टाकतो. मिसो पहिल्यांदा घेताना फिक्या रंगाचा घ्यावा, तो सौम्य आणि किंचित गोडसर असतो. गडद मिसो अधिक काळ मुरलेला, खारट आणि उग्र असतो. पाकीट उघडल्यावर मिसो फ्रीजमध्येच ठेवावा, कारण आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेला मिसो लवकर काळवंडतो. मिरिन ही तांदळापासून केलेली गोड, मद्ययुक्त, पातळ वस्तू मिळाली नाही तरी अडत नाही. तिच्या जागी थोडी साखर आणि चमचाभर पाणी चालते. गूळ मात्र वापरू नये, त्याचा स्वतःचा वास फार ठळक असतो.

बाकी सारे आपल्या बाजारातलेच असते. तीळ, आले, सोयाबीन आणि खसखस इतवारीत मिळतात; मुळा, पालक, वांगी, काकडी आणि कोहळे कॉटन मार्केटमध्ये किंवा गोकुळपेठेत मिळते. कोहळे म्हणजे इतर महाराष्ट्रात ज्याला लाल भोपळा म्हणतात ते.

पाणी आणि दाशी

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी. सूप, शिजवलेल्या भाज्या, भाजीवर शिंपडण्याचा रस, सगळ्यांत ते असते. १९०८ मध्ये तोक्यो येथील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. वाळवलेल्या शिइताकेत ग्वानिलेट नावाचा दुसरा घटक असतो. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की दोन्हींच्या बेरजेपेक्षा चव कितीतरी अधिक जाणवते, आणि म्हणूनच कोंबू व शिइताके ही जोडी शाकाहारी घराला पुरून उरते. जपानच्या बौद्ध मठांतील ‘शोजिन’ पाककला याच जोडीवर उभी आहे. त्यात मांस-मासळी नसते आणि कांदा-लसूणही नसतो. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, जिथे जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई यांनी आपले आयुष्य वेचले आणि ज्याच्या शेजारी कामठीला १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार उभे राहिले, तिथल्या माणसाने या पाककलेपासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

आता अडचणीचा भाग. जपानमधले पाणी बहुतांशी मृदू असते, तर आपल्याकडे बोअरवेलचे पाणी बरेचदा जड असते. जड पाण्यातले कॅल्शियम कोंबूतील अल्जिनिक आम्लाशी बांधले जाते आणि चव बाहेर येण्यास अडथळा होतो. माझी पहिली दाशी अशीच वाया गेली होती. बोअरच्या पाण्यात कोंबू टाकून मी ते चांगले खळखळ उकळले. वर पांढरट साय धरली, पाणी बुळबुळीत झाले आणि चव कडवट आली. त्या दिवशी दोष कोंबूला दिला, पण खरी चूक पाण्याची आणि उकळीची होती. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला फार वेळ घेते आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी दाशीसाठी घेऊ नये. पेंच-कन्हानचे नळाचे पाणी त्या मानाने बरे, आणि आरओचे पाणी सर्वांत सोयीचे.

कृती अशी. एक लिटर पाण्यासाठी १० ग्रॅम कोंबू घ्यावा. त्यावर पांढरी भुकटी दिसते ती बुरशी नसून त्यातून बाहेर आलेली नैसर्गिक शर्करा असते. ती धुऊन काढू नये, ओलसर फडक्याने वरची धूळ तेवढी टिपावी. कोंबू आणि दोन-तीन वाळलेले शिइताके वेगवेगळ्या भांड्यांत थंड पाण्यात भिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत. शिइताके गरम पाण्यात घाईने भिजवले तर ते मऊ होतात, पण चव पुरती उतरत नाही. सकाळी कोंबूचे पाणी मंद आचेवर ठेवावे. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफ निघू लागली की, उकळी फुटण्याआधीच, कोंबू बाहेर काढावा. मग त्यात शिइताकेचे पाणी तळाची माती मागे राहील अशा बेताने ओतून एक हलकी उकळी येऊ द्यावी. नागपूरच्या उन्हाळ्यात गॅसजवळ उभे राहणे नकोसे होते तेव्हा कोंबूचे पाणी तापवले नाही तरी चालते. फ्रीजमध्ये रात्रभर मुरलेले पाणी तसेच वापरावे, ते अधिक स्वच्छ चवीचे असते.

दाशी तयार झाली की नुसती चाखू नये, तिच्यात चव सापडत नाही. एका लहान वाटीत कोमट दाशी घेऊन त्यात मिठाचे चार कण टाकावेत आणि घोट जिभेवर क्षणभर थांबवावा. आधी काहीच वाटत नाही, मग जिभेच्या मागच्या बाजूला एक भरीवपणा पसरतो आणि घोट गिळल्यावरही तो राहतो. तो ओळखू आला की पुढची सगळी वाट सोपी होते.

ही दाशी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली तर अनेक दिवस पुरते. वापरलेला कोंबू टाकून देऊ नये. तो बारीक चिरून शोयू, साखर आणि थोड्या पाण्यात आटवला की भाताबरोबर खाण्याचा पदार्थ होतो. मासे खाणाऱ्या घरांनी वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीस-पापुद्र्यांची दाशीही करावी. कोंबू काढल्यावर पाण्याला उकळी आणून गॅस बंद करावा, लिटरला २० ते ३० ग्रॅम पापुद्रे टाकून दीड-दोन मिनिटांनी गाळावे आणि चोथा पिळू नये. एक खबरदारी मात्र सर्वांसाठी: कोंबूत आयोडीनचे प्रमाण फार असते, त्यामुळे थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच तो नियमित वापरावा.

भात

पूर्व विदर्भ हा भात खाणाऱ्यांचा मुलूख, आणि इथे आपल्या एका जुन्या सवयीला उलटे फिरवावे लागते. आपण दुकानदाराकडे जुना तांदूळ मागतो, कारण नवा चिकटतो. जपानी घरात नव्या तांदळाची वाट पाहतात, कारण तो ओलसर आणि चिकट असतो आणि काड्यांनी उचलता येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून घडवलेला एचएमटी हा आपल्या अभिमानाचा तांदूळ आहे. पण त्याचे बारीक, मोकळे शिजणारे दाणे या जेवणाला जुळत नाहीत. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ महाग पडतो. त्याऐवजी इंद्रायणी घ्यावा, आणि मिळाल्यास नव्या हंगामाचा घ्यावा. आंबेमोहोरही चालतो, पण त्याचा सुवास सूपच्या वासावर कुरघोडी करतो.

जपानी माप ‘गो’ म्हणजे १८० मिलि, वजनाने सुमारे १५० ग्रॅम. चार माणसांना दोन गो पुरतात. पहिले पाणी ओतून लगेच फेकावे, कारण कोरडा तांदूळ पहिलेच पाणी सर्वांत वेगाने शोषतो आणि त्याबरोबर कोंड्याचा वासही आत घेतो. नंतर बोटांनी हलकेच चोळत तीन-चार पाण्यांनी धुवावे. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुण्याची गरज नाही. उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात तासभर भिजवावे. निथळून जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या गंजात घालावे आणि नव्या इंद्रायणीला मापाच्या सव्वापटीहून थोडे कमी, म्हणजे दोन गोंना सुमारे ४०० ते ४२० मिलि पाणी घालावे. मध्यम आचेवर उकळी आली की आच अगदी बारीक करून बारा मिनिटे ठेवावे, गॅस बंद करून आणखी दहा मिनिटे वाफ मुरू द्यावी. या बावीस मिनिटांत झाकण एकदाही उघडू नये. शेवटी ओल्या लाकडी उलथन्याने भात तळापासून कापल्यासारखा वर-खाली करावा, चेचू नये. कुकरमध्ये शिट्टी काढून केलेला भात मऊ होतो, पण दाण्याचा आकार राहत नाही, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही.

मिसोचे सूप

एका माणसाला १७० मिलि दाशी आणि १२ ते १५ ग्रॅम मिसो, म्हणजे लहान चमच्याने अडीच चमचे, हे माप धरावे. दाशीत आधी शिजायला वेळ लागणारे घटक, जसे बटाटा, मुळा किंवा कोहळे, मऊ करून घ्यावेत. मग टोफूचे (सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचे) तुकडे किंवा पालकाची पाने घालून एक वाफ येऊ द्यावी आणि गॅस बंद करावा. मिसो पळीत घेऊन थोड्या गरम दाशीत चमच्याने विरघळवून मगच भांड्यात मिसळावा. मिसो घातल्यावर उकळी आणू नये, कारण त्याचा सुगंध उडून जातो. सूप वाढायच्या क्षणीच मिसो घालावा.

विदर्भात सोयाबीनची शेतेच्या शेते पिकतात, पण आपल्या घरात त्याचे बहुधा तेलच येते, याची मला खंत वाटते. म्हणून टोफू घरीच करावा. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवून, साले काढून, एकूण दोन लिटर पाण्यात वाटावे आणि ते दूध सतत हलवत उकळल्यानंतर दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे. कच्चे सोयादूध पचत नाही, म्हणून हा वेळ कमी करू नये. फेस झपाट्याने वर येतो, तेव्हा भांडे मोठे घ्यावे. फडक्यातून गाळून, थोडे निवल्यावर त्यात दोन लिंबांचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. पंधरा मिनिटांनी दही-पाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून वजनाखाली अर्धा तास ठेवावे. चोथ्याला ‘ओकारा’ म्हणतात. गाजर आणि शिइताकेबरोबर दाशीत परतला की तोही ताटातला एक पदार्थ होतो. मे महिन्यात ताजा, गार टोफू किसलेले आले आणि थेंबभर शोयूबरोबर खावा. त्या दिवसांत याहून सुखाचे जेवण मला ठाऊक नाही.

भाज्या

दाशीत शिजवलेल्या भाजीला ‘निमोनो’ म्हणतात. तिच्यात चवी घालण्याचा क्रम ठरलेला आहे: साखर, मीठ, व्हिनेगर, शोयू, मिसो. साखरेचा रेणू मिठापेक्षा मोठा असल्याने ती भाजीत सावकाश शिरते, म्हणून आधी घालावी. शोयू आणि मिसो यांचा वास उडतो, म्हणून ते शेवटी. अर्धा किलो कोहळ्याच्या सालासकट चार-चार सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात, कडा सुरीने जराशा गोलसर कराव्यात म्हणजे त्या शिजताना फुटत नाहीत, आणि पातेल्यात साल खाली ठेवून एकाच थरात लावाव्यात. जपानी कोहळे पिठूळ असते, आपले पाणीदार. तेव्हा जपानी पाककृतींत दिलेल्या मापाऐवजी १५० मिलि दाशीच पुरेशी होते. दीड मोठा चमचा साखर घालून फोडींवरच टेकेल अशी लहान ताटली ठेवावी, त्याला ‘ओतोशिबुता’ म्हणतात. त्यामुळे थोडा रस सगळीकडे फिरतो आणि फोडी हलत नाहीत. सात-आठ मिनिटांनी एक मोठा चमचा शोयू घालून आणखी पाच मिनिटे ठेवावे. मग भाजी त्याच रसात निवू द्यावी, कारण चव शिजताना जितकी शिरते त्याहून अधिक निवताना मुरते. हिवाळ्यातला मुळा असाच करावा, मात्र आधी तांदळाच्या धुवणात उकडून घ्यावा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो.

वांग्याबाबत विदर्भाला काही शिकवावे लागत नाही. भरताचे वांगे आगीवर काळे होईपर्यंत भाजावे, सोलावे, पण ठेचू नये. लांब पट्ट्या फाडून गार दाशी, शोयू आणि किसलेले आले घालावे. पालकासाठी तीन मोठे चमचे तीळ भाजून खलात अर्धवट कुटावेत, दाणे थोडे दिसले पाहिजेत, आणि त्यात प्रत्येकी दोन लहान चमचे साखर व शोयू मिसळावे. पालक अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून थंड पाण्यात टाकावा आणि घट्ट पिळून या तिळात कालवावा. पिळण्यात कसर राहिली की पदार्थ पाणचट होतो.

जपानात शोयूमध्ये आंबट फळाचा रस मिसळून ‘पोंझू’ करतात, आणि इथे आपल्या संत्र्याची पाळी येते. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या आंबिया बहराच्या संत्र्याला जो आंबटपणा असतो तोच इथे हवा. मृगाचे संत्रे यासाठी फार गोड पडते. दोन भाग संत्र्याचा रस, एक भाग लिंबाचा रस आणि तीन भाग शोयू एकत्र करून त्यात कोंबूचा तुकडा घालावा आणि आठवडाभर फ्रीजमध्ये मुरू द्यावा. संत्र्याची साल वाळवून ठेवावी. भिवापुरी मिरची, ती साल, काळे तीळ, खसखस, सुंठ आणि थोडे तिरफळ भरडले की जपानच्या सातजिनसी तिखटाच्या अगदी जवळचे तिखट तयार होते. त्या तिखटातले ‘सानशो’ आणि आपले कोकणातले तिरफळ एकाच कुळातले आहेत.

वाढताना भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे, भाज्या पलीकडे आणि काड्या समोर आडव्या ठेवाव्यात.

कोंड्यातले लोणचे

‘नुकाझुके’ हे तांदळाच्या कोंड्यात मुरवलेले लोणचे. ते करायला लागणारा कोंडा भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमध्ये रोज निघतो. आपण तो गुरांना घालतो. मिलमधून त्याच दिवशी निघालेला, तूस न मिसळलेला कोंडा मागून आणावा, चाळावा आणि लगेच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडाच भाजावा, कारण ताज्या कोंड्यातले तेल एक-दोन दिवसांतच खवट होऊ लागते. एक किलो कोंड्याला १३० ग्रॅम मीठ आणि उकळून गार केलेले सुमारे एक लिटर पाणी लागते. मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावा आणि बोटांतून जेमतेम पाणी दिसावे. त्यात कोंबूचा तुकडा आणि तीन सुक्या मिरच्या खोचाव्यात, आणि चिनी मातीच्या बरणीत भरावे.

पहिले दहा-बारा दिवस कोबीची पाने, मुळ्याची शेंडे-साले असे काहीतरी रोज पुरावे, दुसऱ्या दिवशी काढून टाकावे आणि सकाळ-संध्याकाळ स्वच्छ हाताने तळापासून उलथावे. सुरुवातीला हाताला नुसत्या ओल्या पिठाचा आणि मिठाचा वास येतो. आठवड्याने तो बदलतो, ताकासारखा आंबूस होतो आणि कोंडा हाताला मऊ, किंचित हवादार लागतो. तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू रुजले असे समजावे. मग मीठ चोळलेली अख्खी काकडी हिवाळ्यात बारा ते वीस तास आणि गरम दिवसांत चार-सहा तास पुरून ठेवावी, काढून धुवावी आणि कापावी. वर पांढरी साय धरली तर ती आत कालवावी किंवा खरवडून काढावी. काळा किंवा लाल रंग दिसला तर तेवढा भाग टाकून द्यावा.

या बरणीला २० ते २५ अंश तापमान मानवते, म्हणून नागपुरात सुरुवात नोव्हेंबरमध्ये करावी. एका मे महिन्यात मी बरणी ओट्यावरच राहू दिली आणि चार दिवसांत कोंडा इतका आंबला की काकडी तोंडात धरवेना. मार्चपासून पावसापर्यंत बरणी फ्रीजमध्ये ठेवावी, दोन-तीन दिवसांतून एकदा उलथावी आणि काकडीला दीड दिवस द्यावा. पाणी सुटले तर मूठभर भाजलेला कोंडा आणि त्याच्या अंदाजाने मीठ घालावे. पंधरा दिवसांहून अधिक बाहेरगावी जायचे असेल तर सगळ्या भाज्या काढाव्यात, कोंडा दाबून सपाट करावा, वर मिठाचा बोटभर थर पसरावा आणि झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवावे. परतल्यावर तो थर खरवडून टाकावा, थोडा नवा कोंडा मिसळावा, आणि दोन दिवस पुन्हा कोबीची पाने पुरून काढल्यानंतरच काकडी घालावी.